राजीनामा न दिलेला पंतप्रधान: माउनो कोइविस्तो यांची राष्ट्राध्यक्षपदापर्यंतची वाटचाल

१९८१ च्या वसंतात फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष उर्हो केक्कोनेन यांची आपल्या पंतप्रधानांवरची मर्जी उतरली होती आणि ते त्यांनी लपवूनही ठेवले नव्हते. पंतप्रधान निर्णय घ्यायला फार वेळ लावतात, अशी त्यांची तक्रार होती. त्या काळच्या फिनलंडमध्ये एवढी तक्रार पुरेशी असे. केक्कोनेन १ मार्च १९५६ पासून, म्हणजे सलग पंचवीस वर्षे, त्या पदावर होते. त्यांच्या डोळ्यांदेखत कितीतरी मंत्रिमंडळे आली आणि गेली होती, आणि सरकारला संसदेचा विश्वास हवा तसा राष्ट्राध्यक्षांचाही हवा, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. मर्जी उतरली की पंतप्रधानाने निमूटपणे राजीनामा आणून द्यायचा, हा रिवाज कोठे लिहिलेला नव्हता, पण मोडलाही जात नव्हता. माउनो कोइविस्तो यांनी तो मोडला. संसदेने अविश्वास व्यक्त केला तर जाईन, एरवी नाही, अशी भूमिका घेऊन ते जागेवर बसून राहिले. त्यानंतर वर्षही पुरे व्हायच्या आत, २६ जानेवारी १९८२ रोजी, ते स्वतः राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

हा प्रसंग बहुधा धैर्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. धैर्य त्यात होतेच, पण केवळ तेवढ्यावर बोट ठेवले की प्रकरणाचा गाभा निसटतो असे मला वाटते. नकार देण्याची इच्छा कोणालाही होऊ शकते. नकार देऊनही उभे राहता यावे अशी जागा फार थोड्यांकडे असते. कोइविस्तो कधीही संसदेचे सदस्य नव्हते. ते आपल्या पक्षाचे अध्यक्षही कधी झाले नाहीत. सर्वोच्च पदापर्यंत नेणाऱ्या शिडीच्या ज्या दोन पायऱ्या आपण अपरिहार्य समजतो, त्या दोन्ही वगळून हा माणूस वर कसा गेला, आणि त्या पायऱ्या नसणे हीच १९८१ मध्ये त्याची ताकद कशी ठरली, हे या अभ्यासात पाहायचे आहे.

गोदीतली सुरुवात

कोइविस्तो यांचा जन्म २५ नोव्हेंबर १९२३ रोजी तुर्कू या नैऋत्य किनाऱ्यावरील बंदराच्या शहरात झाला. वडील क्रायटन-व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यात सुतार होते. मुलगा दहा वर्षांचा असताना आई वारली. शाळा लवकर सुटली आणि काम सुरू झाले. सोव्हिएत संघाने ३० नोव्हेंबर १९३९ रोजी फिनलंडवर हल्ला केला तेव्हा ते नुकतेच सोळा वर्षांचे झाले होते. त्या हिवाळी युद्धात त्यांनी अग्निशमन तुकडीत काम केले, आणि पुढच्या युद्धात शत्रूच्या रेषेमागे जाऊन कारवाया करणाऱ्या लाउरी तोर्नी यांच्या तुकडीत सैनिक म्हणून भाग घेतला. युद्धानंतर ते सुतारकामाकडे परतले, सोशल डेमोक्रॅटिक पक्षात दाखल झाले आणि १९४८ मध्ये तुर्कूच्या बंदरात कामाला लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते बंदराच्या कामगार कार्यालयाचे प्रमुख झाले.

या नेमणुकीचे महत्त्व बाहेरच्या वाचकाला चटकन कळत नाही. बोटी ठरल्या दिवशी येत नाहीत. आज तीन लागतात, मग आठवडाभर धक्का रिकामा असतो. अशा ठिकाणी कोणत्या बोटीवर किती माणसे पाठवायची आणि ती कोणती, हे ज्याच्या हातात असते त्याच्या हातात अनेक घरांची चूल असते. त्यात युद्धोत्तर फिनलंडमध्ये गोदी कामगारांच्या संघटना कोणाच्या ताब्यात राहाव्यात यावरून सोशल डेमोक्रॅट आणि साम्यवादी यांच्यात अटीतटीची झुंज चालू होती. १९४८ च्या निवडणुकीनंतर साम्यवादी सत्तेबाहेर पडले होते आणि कार्ल-ऑगस्ट फागेरहोल्म यांचे अल्पमतातले सोशल डेमोक्रॅटिक सरकार कसेबसे तग धरून होते.

१९४९ च्या उन्हाळ्याअखेरीस या झुंजीला तोंड फुटले. साम्यवादी वर्चस्वाखालील संघटनांनी संपांची साखळी सुरू केली. १८ ऑगस्ट रोजी उत्तरेकडील केमी येथे संपकरी आणि पोलिस यांच्यातील चकमकीच्या वेळी दोन माणसे मृत्युमुखी पडली. बंदरे बंद पडली तर लाकूड आणि कागद यांची निर्यात थांबणार होती, आणि फिनलंडचे परकीय चलन त्या काळी मुख्यतः याच मालावर अवलंबून असल्याने सरकारचा टिकाव लागणे कठीण होते. कामगार महासंघाच्या सोशल डेमोक्रॅटिक नेतृत्वाने यावर एक तोडगा काढला: देशाच्या अगदी दक्षिण टोकावरचे हांको बंदर ‘खुले’ जाहीर करायचे आणि ज्यांना हा संप बेकायदेशीर वाटतो त्या कामगारांनी तेथे कामाला यावे असे आवाहन करायचे. कोइविस्तो हांकोला गेले, बंदराचा कारभार हाती घेतला आणि माणसे जमवली. बोटी भरल्या गेल्या, सरकार वाचले.

ते तेव्हा पंचविशीत होते. साम्यवादी वृत्तपत्रांनी त्यांना क्रमांक एकचा शत्रू ठरवले. संपफोड्या हा शिक्का कामगारवस्तीत जन्मलेल्या माणसाला साधा नसतो. तो पुसला जात नाही, आणि ज्यांनी तो मारला त्यांच्यापैकी काहींच्या वारसांची मते पुढे १९८२ मध्ये कोइविस्तो यांना लागणार होती. हांकोने त्यांना जे दिले ते मात्र टिकाऊ होते. दबाव कोठून येतो, तो कितपत खरा असतो आणि समोरचा किती दिवस तो ताणून धरू शकतो, याचा हिशेब त्यांनी धक्क्यावर उभे राहून शिकून घेतला. एक योगायोगही नोंदवण्याजोगा आहे. ज्या फागेरहोल्म यांचे सरकार त्यांनी वाचवले, तेच फागेरहोल्म १९५६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत १५१ विरुद्ध १४९ अशा दोन मतांनी हरले. हरवणारे होते उर्हो केक्कोनेन.

पुस्तक आणि पासबुक

या धामधुमीत कोइविस्तो यांचे शिक्षण चालूच होते. १९४७ मध्ये माध्यमिक परीक्षा, १९४९ मध्ये विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, १९५१ मध्ये प्राथमिक शाळेत शिक्षकाची नोकरी, १९५३ मध्ये तुर्कू विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी असा हा क्रम आहे. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि प्रबंधाचा विषय होता तुर्कूच्या बंदरातील सामाजिक संबंध. ज्या धक्क्यावर त्यांनी माणसे पाठवली त्याच धक्क्याकडे नंतर त्यांनी समाजशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. कामगार चळवळीतून आलेले नेते जगभर पुष्कळ झाले, पण आपल्याच लढ्याच्या जागेवर वही घेऊन बसलेला आणि त्यावर विद्यापीठाची मोहोर मिळवलेला नेता विरळा. बोलण्यापूर्वी थांबून विचार करण्याची, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देण्याची त्यांची जी लकब पुढे देशभर प्रसिद्ध झाली, तिचे मूळ मला या काळात दिसते.

१९५७ मध्ये ते हेलसिंकीच्या कामगार बचत बँकेत गेले आणि १९५९ पासून १९६८ पर्यंत तिचे प्रमुख होते. वरवर पाहता ही राजकारणातून माघार होती. प्रत्यक्षात तो मुक्काम फार योग्य वेळी झाला. सोशल डेमोक्रॅटिक पक्ष त्या वर्षांत आपसातच फुटला होता. कोइविस्तो यांनी दोन गटांत समेट घडवण्याचे प्रयत्न केले, पण ते निष्फळ ठरले. १९५८ च्या अखेरीस मॉस्कोच्या दबावाखाली फागेरहोल्म यांचे नवे सरकार कोसळले, आणि त्यानंतर १९६६ पर्यंत हा पक्ष सत्तेबाहेरच राहिला. पक्षाचे पूर्णवेळ पुढारी या आठ वर्षांत एकमेकांचे हिशेब चुकवण्यात झिजले. कोइविस्तो कर्जाचे अर्ज तपासत होते.

१९६६ च्या निवडणुकीत डाव्यांना बहुमत मिळाले, राफाएल पासिओ यांनी साम्यवाद्यांनाही बरोबर घेऊन सरकार बनवले आणि अर्थखात्यासाठी बँकेतल्या डॉक्टरांना बोलावणे गेले. ऑक्टोबर १९६७ मध्ये फिन्निश मार्क्काचे मोठे अवमूल्यन झाले. परकीय चलन एका फटक्यात सुमारे ३१ टक्क्यांनी महागले. अवमूल्यनानंतर सहसा मजुरी आणि किमती यांची चढाओढ लागते आणि मिळालेला फायदा वर्षभरात धुऊन जातो. तसे होऊ नये म्हणून सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्यात मार्च १९६८ मध्ये वेतनविषयक व्यापक करार झाला. मध्यस्थ कैयो लीनामा यांच्या नावाने तो ओळखला जातो. तो होईपर्यंत कोइविस्तो यांच्या खुर्च्या दोनदा बदलल्या होत्या. १९६८ च्या आरंभी ते फिनलंडच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे बँक ऑफ फिनलंडचे, प्रमुख झाले आणि २२ मार्चला देशाचे पंतप्रधान.

येथे मराठी वाचकाला चिंतामणराव देशमुख आठवल्याशिवाय राहणार नाहीत. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, मग केंद्रीय अर्थमंत्री, आणि १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाचे उमेदवार. वाट जवळजवळ तीच, शेवट मात्र पराभवाचा. साम्य फार ताणण्याचे कारण नाही, पण एक फरक या प्रकरणापुरता मोलाचा आहे. देशमुखांनी एक पद सोडून दुसरे धरले. कोइविस्तो यांनी पंतप्रधान असतानाही बँकेचे पद सोडले नाही. ते रजेवर होते, इतकेच. बँक ऑफ फिनलंडचे प्रमुखपद १९६८ ते १९८२ अशी चौदा वर्षे त्यांच्या नावावर राहिले.

ही गोष्ट आपल्या सवयीच्या कल्पनांना खटकते, आणि खटकावी. चलनाची राखण करणारा आणि सरकारी खर्च ठरवणारा एकच माणूस असणे हे आदर्श व्यवस्थेचे लक्षण नव्हे. पण कारकिर्दीच्या दृष्टीने पाहिले तर या व्यवस्थेने कोइविस्तो यांना असे काही दिले जे त्यांच्या समकालीन राजकारण्यांपैकी जवळजवळ कोणाकडेच नव्हते. सरकार गेले तरी सोमवारी सकाळी जायला त्यांना कार्यालय होते. मार्च १९७० च्या निवडणुकीत डाव्यांची पीछेहाट झाली, मे महिन्यात त्यांचे सरकार गेले आणि ते बँकेत परतले. १९७२ मध्ये काही महिने पासिओ यांच्या दुसऱ्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले, सप्टेंबरात ते सरकारही गेले, आणि ते पुन्हा बँकेत परतले. मतदारसंघ नाही, पक्षाची समिती नाही, पुढच्या तिकिटाची चिंता नाही. लोकप्रियता मात्र होती. कपाळावर आलेली केसांची बट, सावकाश बोलणे, चेहऱ्यावर काहीच न दाखवणे, हे सारे दूरचित्रवाणीवर लोकांना आवडून गेले होते आणि ‘मानू’ हे त्यांचे लाडके नाव सर्वतोमुखी झाले होते.

केक्कोनेन यांची सावली

सत्तरच्या दशकातल्या फिनलंडमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची स्पर्धा अशी नव्हतीच. १९७३ मध्ये खास कायदा करून केक्कोनेन यांची मुदत निवडणुकीविना चार वर्षांनी वाढवण्यात आली. १९७८ ची निवडणूक झाली, पण सगळे मोठे पक्ष त्यांच्याच पाठीशी होते. १९७५ च्या नोव्हेंबरात तर त्यांनी पक्षनेत्यांना बोलावून, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर, सरकार बनवण्याबद्दल अक्षरशः हुकूम सोडला आणि सरकार बनले. या सगळ्याच्या मुळाशी सोव्हिएत संघाशी असलेले नाते होते. १९४८ च्या मैत्री करारानंतर फिनलंडचे स्वातंत्र्य टिकवण्याची किल्ली आपल्याजवळ आहे, असे केक्कोनेन यांनी देशाला पटवले होते आणि मॉस्कोलाही ते सोयीचे होते. त्यामुळे पुढचा राष्ट्राध्यक्ष कोण, या प्रश्नाचा अर्थ बराचसा मॉस्कोला कोण चालेल असा होई. त्या दृष्टीने सेंटर पार्टीचे आहती कार्यालाइनेन यांचे नाव वर्षानुवर्षे पुढे होते. ते दोनदा पंतप्रधान आणि दीर्घकाळ परराष्ट्रमंत्री होते.

मे १९७९ मध्ये कोइविस्तो दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले. सोशल डेमोक्रॅट, सेंटर पार्टी, साम्यवाद्यांचा भरणा असलेला जनता लोकशाही संघ आणि स्वीडिश भाषकांचा पक्ष अशी ती आघाडी होती. जनमत चाचण्यांत अग्रभागी असलेल्या माणसाला केक्कोनेन यांनी हे पद का दिले असावे, यावर फिनलंडमध्ये पुष्कळ तर्क झाले आहेत. मला सर्वांत पटणारा तर्क साधा आहे: बँकेत बसलेल्या माणसाची लोकप्रियता झिजत नाही, चार पक्षांचे सरकार चालवणाऱ्याची झिजते. तसा डाव असेल तर तो उलटला. कोइविस्तो बँकेतून रजेवर गेले, त्यांच्या जागी कार्यवाहक प्रमुख म्हणून बसले ते कार्यालाइनेन, आणि दोन वर्षे उलटली तरी पंतप्रधानांची लोकप्रियता काही उतरेना.

छत्तिसावे कलम

१९८१ च्या वसंतातला पेच असा होता. सेंटर पार्टीतील काही मंडळींना दिसत होते की पुढची निवडणूक ठरल्याप्रमाणे १९८४ मध्ये झाली आणि तोवर कोइविस्तो पंतप्रधान राहिले, तर त्यांना अडवणे अशक्य होईल. सरकार पाडायचे तर आताच, असे ठरले. अविश्वास ठरावाची चाचपणी सुरू झाली आणि तिला केक्कोनेन यांच्या जाहीर नाराजीचे बळ मिळाले. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे येथून पुढचा मार्ग ठरलेला होता: पंतप्रधान राष्ट्राध्यक्षांना भेटतील, मंत्रिमंडळाचा राजीनामा देतील, चार दिवस वाटाघाटी होतील आणि नवा पंतप्रधान येईल. ठराव मतदानाला टाकण्याचीसुद्धा गरज पडणार नव्हती.

कोइविस्तो यांनी आधार घेतला तो १९१९ च्या राज्यघटनेच्या छत्तिसाव्या कलमाचा. हे कलम जवळून पाहण्यासारखे आहे. मंत्रिमंडळाचे सदस्य म्हणून राष्ट्राध्यक्ष हे प्रामाणिक आणि कार्यकुशल अशी ख्याती असलेल्या, जन्माने फिन्निश असलेल्या नागरिकांना पाचारण करतील, असे ते सांगते. वाक्याचा कर्ता राष्ट्राध्यक्ष, क्रियापद पाचारण करण्याचे. पण या वाक्याच्या पोटात एक छोटे उपवाक्य आहे: ज्यांना संसदेचा विश्वास असला पाहिजे असे नागरिक. नेमणूक राष्ट्राध्यक्षांची, विश्वास संसदेचा. राष्ट्राध्यक्षांच्या विश्वासाचा त्यात उल्लेख नाही. सहा दशके सगळ्यांनी मुख्य वाक्य वाचले होते. कोइविस्तो यांनी उपवाक्य वाचून दाखवले.

यात कायद्याचा फार मोठा शोध नव्हता. घटना शिकवणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला हे माहीत होते. अवघड होते ते केक्कोनेन यांच्या तोंडावर हे म्हणणे, कारण त्याची किंमत काय पडेल ते कोणालाच ठाऊक नव्हते. पक्षाध्यक्ष असलेल्या पंतप्रधानाला अशा वेळी पक्षाचा विचार करावा लागतो. राष्ट्राध्यक्षांचा रोष ओढवला तर पुढच्या सरकारात पक्षाला जागा मिळणार नाही, ही भीती असते. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष कालेवी सोर्सा होते. ती भीती त्यांच्या वाट्याची होती. कोइविस्तो यांना गमवायला पंतप्रधानपद होते आणि ते गेले असते तर परतायला बँक होती. हांकोत जसे, तसेच येथेही, त्यांनी समोरच्याला आपली धमकी अमलात आणून दाखवायला सांगितले. आणि धमकी देणाऱ्यांजवळ ती अमलात आणण्याइतकी मते नव्हती. सरकार टिकले. अविश्वास झालाच नाही. केक्कोनेन युग त्या वसंतात संपले असे पुढे अनेकांनी लिहिले, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

सप्टेंबर ते जानेवारी

आता या प्रकरणाचा सांधा. ऑगस्ट १९८१ मध्ये केक्कोनेन आइसलंडला मासेमारीसाठी गेले आणि तेथून आल्यावर त्यांची प्रकृती ढासळली. सप्टेंबरमध्ये ते आजारपणाच्या रजेवर गेले. ऑक्टोबरअखेर त्यांनी पद सोडले. राष्ट्राध्यक्ष काम करू शकत नसतील तर पंतप्रधानाने त्यांचे काम पाहायचे, ही घटनेतली तरतूद आपोआप लागू झाली. म्हणजे वसंतात ज्यांना घालवण्याचा प्रयत्न झाला तेच शरदात कार्यवाहक राष्ट्राध्यक्ष झाले, आणि पंतप्रधानांचे दैनंदिन काम सेंटर पार्टीचे एइनो उसितालो पाहू लागले.

नशीब म्हणून हा विषय मिटवता येतो. आजारपण नशिबाचेच होते. पण आजारपणाने दार उघडले तेव्हा दारात कोण उभे असणार, हे वसंतात ठरले होते. कोइविस्तो यांनी त्या वेळी राजीनामा दिला असता तर सप्टेंबरात दुसराच कोणी कार्यवाहक राष्ट्राध्यक्ष झाला असता, आणि चार महिने तो देशाला रोज बातम्यांत त्या भूमिकेत दिसला असता. केक्कोनेन यांच्याशिवाय देश चालू शकतो की नाही, हा पंचवीस वर्षांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर लोकांनी त्या चार महिन्यांत प्रत्यक्ष पाहिले, आणि चालवणारा माणूस कोइविस्तो होता.

प्रचाराच्या काळात त्यांना दोन सापळ्यांचे प्रश्न विचारले गेले. तुमचा समाजवाद कोणता, या प्रश्नावर त्यांनी एदुआर्द बर्नस्टाइन या जर्मन सोशल डेमोक्रॅट विचारवंताचा दाखला दिला: चळवळ महत्त्वाची, अंतिम ध्येय नव्हे. साम्यवाद्यांना हे वचन डोळ्यांसमोर नको होते आणि उजव्यांना त्यातून घाबरण्यासारखे काही सापडेना. सोव्हिएत संघाशी तुमचे संबंध कसे आहेत, या प्रश्नावर फुशारकी मारण्यासारखे काही नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. मॉस्कोशी आपली सलगी किती, हे सांगण्याची अहमहमिका लागलेल्या त्या काळात हे उत्तर जवळजवळ धक्कादायक होते. हेलसिंकीतील सोव्हिएत दूतावासातला, केजीबी या गुप्तहेर संस्थेचा वरिष्ठ अधिकारी विक्तर व्लादिमिरोव त्यांना मदत देऊ करायला आला, तेव्हा सगळे ठीकच चालले आहे असे सांगून त्यांनी त्याला वाटेला लावले. सेंटर पार्टीने नोव्हेंबरात कार्यालाइनेन यांना बाजूला सारून योहान्नेस विरोलाइनेन यांना उमेदवारी दिली आणि मॉस्कोला चालणारा उमेदवार ही कल्पनाच शर्यतीतून बाद झाली.

१७ आणि १८ जानेवारी १९८२ रोजी मतदान झाले. फिनलंडमध्ये तेव्हा लोक थेट राष्ट्राध्यक्ष निवडत नसत. ते ३०१ जणांचे निर्वाचक मंडळ निवडत आणि ते मंडळ राष्ट्राध्यक्ष निवडे. ८६ टक्क्यांहून अधिक मतदान झाले आणि कोइविस्तो यांच्या बाजूने सुमारे ४३ टक्के मते पडली. हुकमी बहुमताला, म्हणजे १५१ ला, त्यांच्या पक्षाचे निर्वाचक थोडे कमी पडत होते. ती तूट भरून काढली जनता लोकशाही संघाच्या बऱ्याच निर्वाचकांनी. १९४९ मध्ये ज्या पंथाच्या वृत्तपत्रांनी त्यांना शत्रू क्रमांक एक म्हटले होते, त्या पंथातल्या अनेकांनी ३३ वर्षांनी पहिल्याच फेरीत त्यांच्या नावाची चिठ्ठी टाकली. एकूण १६७ मते मिळाली. फिनलंडचे पहिले सोशल डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी, २७ जानेवारीला, शपथ घेतली. बँकेतली त्यांची खुर्ची आता खरोखरच रिकामी झाली होती. तिच्यावर कायमस्वरूपी नेमणूक झाली ती कार्यालाइनेन यांची.

नंतरचे काही

कोइविस्तो यांच्या बारा वर्षांच्या कारभाराचा आढावा हा या अभ्यासाचा विषय नाही. सोव्हिएत संघाचे विघटन, सप्टेंबर १९९० मध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शांतता करारातील लष्करी बंधने फिनलंडने एकतर्फी निकालात काढणे, मार्च १९९२ मध्ये युरोपीय समुदायाच्या सदस्यत्वासाठी केलेला अर्ज आणि त्याच सुमाराची भीषण मंदी, या प्रत्येकावर स्वतंत्र लिहावे लागेल. मजबूत मार्क्काच्या धोरणाला त्यांनी दिलेला पाठिंबा आणि त्याची बेरोजगारांनी मोजलेली किंमत यावर तर अजूनही कडवट वाद होतात, आणि तो कडवटपणा मला अनाठायी वाटत नाही.

एक गोष्ट मात्र येथे सांगितलीच पाहिजे, कारण ती या प्रकरणाला छेद देते. मार्च १९८७ च्या संसदीय निवडणुकीपूर्वी बिगर-समाजवादी पक्षांच्या तीन पुढाऱ्यांनी आपसात गुपचूप ठरवून टाकले होते की बहुमत मिळाल्यास सरकार आपणच एकत्र बनवायचे. या समझोत्याला पुढे ‘तिजोरीतला करार’ असे नाव पडले. संसदेत त्यांना बहुमत मिळालेही. छत्तिसाव्या कलमाचे उपवाक्य पुन्हा वाचायचे, तर विश्वास त्यांच्या बाजूने होता. राष्ट्राध्यक्ष कोइविस्तो यांनी या वेळी मुख्य वाक्य वाचले. पाचारण करण्याचा अधिकार आपला आहे, असे दाखवून देत त्यांनी १९८२ मधले आपलेच एक प्रतिस्पर्धी, उजव्या पक्षाचे हार्री होल्केरी यांच्या नेतृत्वाखाली, उजवे आणि सोशल डेमोक्रॅट अशा वरवर विजोड आघाडीचे सरकार आणले. कित्येक दशके सत्तेत राहिलेली सेंटर पार्टी विरोधात बसली. होल्केरी सरकारला संसदेचा विश्वास मिळाला, त्यामुळे घटनेचा भंग झाला असे म्हणता येत नाही. पण १९८१ च्या वसंतातल्या पंतप्रधानाला १९८७ चे राष्ट्राध्यक्ष आवडले असते का, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी अडवतो. त्यांचे समर्थक म्हणतात की त्यांनी सरकारांना पुरी मुदत राहू दिली, केक्कोनेन यांच्यासारखी वारंवार उलथापालथ केली नाही. ते खरे आहे. दोन्ही वेळा त्यांनी कलमाचा तोच भाग हाती धरला जो त्या क्षणी त्यांच्या बाजूचा होता, हेही खरे आहे.

हे हत्यार पुढच्यांच्या हाती पूर्ण धारेचे राहू नये, अशी तजवीज मात्र त्यांच्याच कारकिर्दीत झाली. १९९१ च्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांची थेट आणि गरज पडल्यास दोन फेऱ्यांची निवडणूक आणली, एका व्यक्तीला लागोपाठ दोनच कार्यकाळ ही मर्यादा घातली आणि संसद विसर्जित करण्यासाठी पंतप्रधानाचा प्रस्ताव आवश्यक केला. छत्तिसावे कलम १ मार्च २००० रोजी नव्या राज्यघटनेसह इतिहासजमा झाले. आता पंतप्रधानाची निवड संसदच करते.

नव्या पद्धतीची पहिली निवडणूक १९९४ मध्ये झाली. दुसऱ्या फेरीत एलिसाबेथ रेन यांना थोडक्यात मागे टाकून मुत्सद्दी मार्टी आहतिसारी विजयी झाले आणि १ मार्च रोजी कोइविस्तो यांनी त्यांच्याकडे पदभार सोपवला. आहतिसारी हेसुद्धा कधी संसदेवर निवडून आलेले नव्हते.